‘क्वाइट गुड’ म्हणजे नेमके किती चांगले? परदेशी गिऱ्हाइकांचे इंग्रजी आणि आपले

बेदाणापेठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सांगलीच्या मार्केट यार्डातील एका पेढीत मी गेली अकरा वर्षे परदेशी पत्रव्यवहार आणि निर्यातीची कागदपत्रे पाहतो. माल मुख्यत्वे बेदाणा आणि हळद. शिक्षण मराठी माध्यमातले, इंग्रजी कामात पडून शिकलो. गेल्या हंगामात आमच्याकडून जी चूक झाली तिच्यामुळे हा धागा काढतो आहे.

इंग्लंडमधल्या एका गिऱ्हाइकाला आम्ही हिरव्या बेदाण्याचा नमुना पाठवला होता. उत्तर आले, ‘द सॅम्पल इज क्वाइट गुड. यू माइट वॉन्ट टु हॅव अ लुक ॲट द मॉइश्चर.’ मी मालकांना अर्थ सांगितला की नमुना चांगलाच पसंत पडला आहे, जमल्यास ओलाव्याकडे एकदा पाहा म्हणतात. मालकांनी त्याच दिवशी माल भरायला सांगितला. कंटेनर पोहोचल्यावर तक्रार आली, आणि तिच्यात असे स्पष्ट लिहिले होते की ओलाव्याबद्दल आम्ही आधीच बजावले होते. शेवटी भाव तोडून प्रकरण मिटवावे लागले.

पुढे मालकांचा भाचा सुट्टीवर आला. तो काही वर्षे इंग्लंडमध्ये नोकरीला आहे. त्याने तो मेल वाचला आणि कपाळावर हात मारून घेतला. ब्रिटिश माणूस ‘क्वाइट गुड’ म्हणतो तेव्हा त्याला पुष्कळदा आपल्याकडचे ‘बरा आहे’ म्हणायचे असते, आणि ‘यू माइट वॉन्ट टु’ ही सूचना नसून सभ्य भाषेतला हुकूम असतो. त्याच आठवड्यात अमेरिकेतल्या एका व्यापाऱ्याने आमच्या हळकुंडांना ‘क्वाइट गुड’ म्हटले होते आणि लगेच दुसरी ऑर्डर दिली होती, कारण अमेरिकेत त्याच दोन शब्दांचा अर्थ ‘चांगलाच’ असा होतो. एकाच संगणकावर दोन्ही मेल एकाखाली एक होते.

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की परदेशी व्यापारात आपल्याला उच्चार किंवा व्याकरण फारसे नडत नाही. अनोळखी शब्द आला की आपण कोशात पाहतो, कुणाला तरी विचारतो. ओळखीचा शब्द आला की विचारत नाही, आणि तिथेच पाय घसरतो.

हे केवळ आपल्यासारख्या शिकाऊ लोकांचे होते असेही नाही. अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरल्यावर १९४१ च्या अखेरीस ब्रिटिश आणि अमेरिकी सेनाधिकारी वॉशिंग्टनमध्ये एकत्र बसले होते. ब्रिटिशांना एक कागद तातडीने चर्चेला घ्यायचा होता, म्हणून त्यांनी तो ‘टेबल’ करण्याचा आग्रह धरला. अमेरिकेत ‘टेबल करणे’ म्हणजे विषय बाजूला ठेवणे, त्यामुळे इतका महत्त्वाचा कागद टेबल करायला अमेरिकी तयार होईनात. बराच वेळ कडाक्याचा वाद झाल्यावर कळले की दोघांना एकच गोष्ट हवी आहे. हा प्रसंग चर्चिल यांनी नंतर आपल्या आठवणींत नोंदवला आहे. आपल्या विधिमंडळात कागद ‘पटलावर ठेवतात’ तो ब्रिटिश अर्थाने, हे ओघाने आठवले.

आमच्या धंद्यात तर मालाच्या नावापासूनच सुरुवात होते. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात फिकट रंगाच्या, बिनबियांच्या, डिपिंग करून, म्हणजे द्रावणात बुडवून, वाळवलेल्या मालाला ‘सुलताना’ म्हणतात आणि ‘रेझिन’ म्हटले की गडद रंगाचा माल समजतात. अमेरिकेत सगळेच ‘रेझिन’, फिकट हवा असेल तर ‘गोल्डन रेझिन’. आम्ही वर्षानुवर्षे दरपत्रकात सर्वांना सरसकट ‘इंडियन रेझिन’ लिहीत आलो, आणि तासगावच्या सौद्यात शंभर पावलांवरून रंग ओळखणाऱ्या आमच्या मालकांना गिऱ्हाईक रंगाबद्दल पुन्हा पुन्हा का विचारते याचे नवल वाटत राहिले.

आपापल्या धंद्यातले असे अनुभव लिहावेत. फक्त कोण कसे उच्चार करतो याच्या गमती नकोत, त्यांवर येथे पूर्वी दोन धागे होऊन गेले आहेत.

कुपवाडचा_लेथवाला

धागा वेळेवर काढलात. आमच्याकडे कास्टिंगचे मशिनिंग होते आणि निम्मे काम जर्मनीला जाते. जर्मन माणूस इंग्रजी उत्तम लिहितो, पण आकडे मात्र बहुधा स्वतःच्या पद्धतीने लिहितो. त्यांच्याकडे दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारांसाठी टिंब असते. नव्याने लागलेल्या एका पोराने ड्रॉइंगवर वजन ‘२,४५० किलो’ असे वाचले आणि तो थेट क्रेनची चौकशी करायला निघाला. जॉब हातात मावेल एवढा होता, म्हणजे दोन किलो साडेचारशे ग्रॅम. ही चूक हास्यास्पद होती म्हणून लगेच सापडली. खरा धोका असतो तो दोन्ही अर्थ पटण्यासारखे असतात तेव्हा.

वजनाचे एकक हा दुसरा सापळा. अमेरिकेत नुसते ‘टन’ लिहिले तर ते २,००० पौंड, म्हणजे सुमारे ९०७ किलो. ब्रिटनचा जुना टन २,२४० पौंडांचा, म्हणजे सुमारे १,०१६ किलो. आपला टन १,००० किलोचा. म्हणून आम्ही टन हा शब्दच सोडला, सगळे किलोत लिहितो. गॅलनचेही तसेच आहे. अमेरिकी गॅलन ३.७८ लिटरच्या आसपास, ब्रिटिश गॅलन साडेचार लिटरहून थोडा अधिक. कूलंटचा डोस गॅलनमध्ये लिहिलेली एक पुस्तिका आमच्याकडे आहे, ती कोणत्या देशात छापली ते आधी पाहावे लागते.

आणि हो, आपले लाख-कोटी. आमचे अकाउंटंट अजूनही परदेशी कोटेशनमध्ये १,००,००० असा स्वल्पविराम देतात. समोरच्याला वाटते की एखादे शून्य टाइप करताना गळले आहे.

वाईची_शिक्षिका

मी तीस वर्षे इंग्रजी शिकवले आणि आता निवृत्त आहे, त्यामुळे व्यापाराचा अनुभव मला नाही. माझ्या विद्यार्थ्यांपैकी अनेक जण मात्र परदेशी कंपन्यांशी पत्रव्यवहार करतात आणि अडले की फोन करतात.

बेदाणापेठ यांनी सगळा दोष ब्रिटिश-अमेरिकी भेदावर टाकला आहे, तो मला पुरेसा वाटत नाही. आपले म्हणून एक इंग्रजी आहे आणि ते आपल्याला दिसत नाही, कारण आपण त्यातच राहतो. ब्रज काचरू हे मूळचे काश्मीरचे भाषाशास्त्रज्ञ, अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात शिकवत. त्यांनी १९८५ मध्ये इंग्रजीची तीन वर्तुळे मांडली. आतल्या वर्तुळात इंग्लंड-अमेरिकेसारखे मातृभाषक, मधल्यात भारत, नायजेरिया, सिंगापूर यांच्यासारखे देश, आणि बाहेरच्यात जपान, चीन असे इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकणारे. मधल्या वर्तुळातले इंग्रजी ही चूक नसून त्या त्या देशात रुजलेली भाषा आहे, असे त्यांचे म्हणणे. ते मला मान्य आहे. ‘प्रीपोन’ हा शब्द आता ऑक्सफर्डच्या कोशातही आहे, आणि माझ्या मते तो त्यांच्या ‘मूव्ह फॉरवर्ड’पेक्षा कितीतरी नेमका आहे, कारण बैठक ‘फॉरवर्ड’ नेली म्हणजे अलीकडे आणली की पलीकडे ढकलली यावर मातृभाषकांचेही एकमत होत नाही.

परंतु भाषा आपली आहे म्हणून ती समोरच्याला कळेलच असे नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने बिल वाचून परदेशी पुरवठादाराला लिहिले, ‘आय हॅव अ डाउट अबाउट युवर इन्व्हॉइस.’ तिला शंका विचारायची होती, आपण वर्गात हात वर करून विचारतो तशी. समोरच्याने वाचले की हिचा आमच्या बिलावर विश्वास नाही, आणि त्याने फटकळ उत्तर पाठवले. तिथे ‘क्वेश्चन’ हवे होते. ‘स्कीम’चेही असेच. आपल्याला दिवाळीची स्कीम आवडते, ब्रिटनमध्ये सरकारी योजनेलाही स्कीम म्हणतात, पण अमेरिकी कानाला त्या शब्दात लबाडीचा वास येतो. ‘अट्रॅक्टिव्ह स्कीम’ असे पत्र तिकडे पाठवू नये.

सर्वांत खोल गोंधळ होतो तो ‘यस’ने. ‘यू डोंट हॅव स्टॉक?’ असे कोणी विचारले आणि माल नसेल तर आपण म्हणतो, ‘यस.’ कारण मराठीत आपण म्हणतो, ‘हो, नाहीये.’ आपण प्रश्नाशी सहमत होतो, इंग्रज वस्तुस्थितीचे उत्तर देतो. त्याच्या कानी ‘यस’ म्हणजे माल आहे. याला उपाय म्हणून मी मुलांना शिकवत असे की अशा प्रश्नाला नुसते यस-नो कधीच म्हणू नका, पूर्ण वाक्य बोला.

बेदाणापेठ

बाई, ‘हो, नाहीये’ वाचून मला मागचे किमान चार फोन आठवले. आपले म्हणणे मान्य. एक गोष्ट मात्र मांडतो. ‘काइंडली रिव्हर्ट’ आणि ‘डू द नीडफुल’ या दोन वाक्यांवरून आपल्या लोकांची फार टिंगल होते. ‘डू द नीडफुल’ हे आपण बनवलेले नाही. तो ब्रिटिशांचाच जुना वाक्प्रचार, त्यांनी सोडला आणि आपण ठेवला. शिवाय ते वाचून कुणाचा गैरसमज होत नाही, फार तर हसू येते. ‘रिव्हर्ट’ने मात्र होऊ शकतो, कारण बाहेर त्याचा अर्थ पूर्वस्थितीला जाणे. ‘वुई विल रिव्हर्ट ऑन द प्राइस’ असे मी एकदा लिहिले होते. दराबद्दल कळवतो असे मला म्हणायचे होते, गिऱ्हाइकाने विचारले की म्हणजे जुना दर पुन्हा लागू का? त्या वेळी तो दर आम्हाला परवडणारा नव्हता.

म्हणून माझ्या दृष्टीने दोन वेगळे ढीग करावेत. हसू आणणारे शब्द एका ढिगात, त्यांची काळजी कमी करावी. पैसे घालवणारे शब्द दुसऱ्या ढिगात.

परकीय_चलन_सातारा

पैसे घालवणाऱ्या शब्दांविषयी लिहिण्याचा अधिकार मला थोडाफार आहे, कारण बँकेच्या परकीय चलन विभागात मी निवृत्तीपर्यंत लेटर ऑफ क्रेडिटचे (ठरलेले कागद बिनचूक आले तर निर्यातदाराला पैसे देण्याची बँकेची लेखी हमी) कागद तपासले. साताऱ्याच्या आणि कराडच्या निर्यातदारांचे कागद परत पाठवताना वाईट वाटे, पण बँकेला माल दिसत नाही, फक्त कागद दिसतो.

इंग्रजी शब्दांचे अर्थ देशोदेशी बदलतात हे व्यापाऱ्यांना फार पूर्वी कळून चुकले होते. म्हणून पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने काही साध्या शब्दांचे अर्थ नियमानेच बांधून टाकले. लेटर ऑफ क्रेडिटसाठीचे सध्याचे नियम ‘यूसीपी ६००’ या नावाने १ जुलै २००७ पासून लागू आहेत. त्यांत ‘अबाउट’ किंवा ‘ॲप्रॉक्झिमेटली’ हा शब्द ज्या आकड्याला लागला असेल, मग ती रक्कम असो, वजन असो वा दर, त्या आकड्यात दहा टक्के कमी-जास्त चालते. फक्त त्याच आकड्यात. वजनाला ‘अबाउट’ लावले आणि रकमेला लावले नाही, तर दहा टक्के जास्त माल भरून जास्त रकमेचे बिल लावणारा निर्यातदार अडकतो. असे एक प्रकरण माझ्या टेबलावर आले होते; जास्तीचा माल गेला आणि त्याचे पैसे पत्राबाहेर, गिऱ्हाइकाच्या मर्जीवर राहिले.

‘ऑन ऑर अबाउट’ अमुक तारीख असे असेल तर त्या तारखेच्या पाच दिवस आधीपासून पाच दिवस नंतरपर्यंत. महिन्याचे ‘बिगिनिंग’ म्हणजे १ ते १०, ‘मिडल’ म्हणजे ११ ते २०, ‘एंड’ म्हणजे २१ ते महिनाअखेर. आपण ‘महिनाअखेरीस पाठवतो’ म्हणतो तेव्हा आपल्या मनात २९-३० तारीख असते, हे लक्षात घ्या. ‘फ्रॉम’ हा शब्द तर एकाच कागदात दोन प्रकारे वागतो. माल चढवण्याच्या मुदतीसाठी आला तर ती तारीख धरायची, हुंडीची मुदत मोजण्यासाठी आला तर ती सोडून पुढच्या दिवसापासून मोजायचे. आणि ज्यांच्यावर आपण सर्वांत जास्त भिस्त ठेवतो ते ‘प्रॉम्प्ट’, ‘इमिजिएटली’, ‘ॲज सून ॲज पॉसिबल’ हे शब्द बँक विचारातच घेत नाही. ते लिहिले काय आणि न लिहिले काय, सारखेच.

‘एफओबी’ (फ्री ऑन बोर्ड) या विक्रीच्या अटीचेही सांगतो. इनकोटर्म्स हे परदेशी विक्रीत खर्च आणि जोखीम कोणाची ते ठरवणारे नियम त्याच संस्थेने प्रथम १९३६ मध्ये काढले, सध्याची आवृत्ती २०२० ची आहे. त्यांत एफओबी म्हणजे ठरलेल्या बंदरात जहाजावर माल चढला की जोखीम खरेदीदाराची. अमेरिकेच्या अंतर्गत व्यापारात मात्र ‘एफओबी डेस्टिनेशन’ असाही प्रकार रूढ आहे, ज्यात माल गिऱ्हाइकाच्या दारी पोहोचेपर्यंत जोखीम विकणाऱ्याची. म्हणून नुसते एफओबी लिहू नये, ‘एफओबी न्हावा शेवा, इनकोटर्म्स २०२०’ असे पूर्ण लिहावे. कंटेनर बंदराबाहेरच्या डेपोत सोपवायचा असेल तर एफओबीऐवजी एफसीए (फ्री कॅरियर, म्हणजे ठरलेल्या ठिकाणी वाहतूकदाराकडे माल सोपवला की जोखीम खरेदीदाराची) योग्य, पण तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

तारखेबद्दल एकच ओळ. ०४/०५ हे आपल्याला ४ मे आणि अमेरिकेला ५ एप्रिल. तेरा तारखेपासून पुढे चूक आपोआप उघडी पडते, पहिल्या बारा दिवसांत पडत नाही. म्हणून महिना नेहमी अक्षरांत लिहावा.

मिरजेची_तार

आमचा धंदा लहान, सतारी आणि तानपुरे बनवून परदेशी वादकांना पाठवण्याचा. आमच्याकडे एलसी (लेटर ऑफ क्रेडिट) वगैरे नसते, माणसे थेट बोलतात. तरी दोन गोष्टी लिहितो.

सतारीचा भोपळा पंढरपूरकडून येतो. मी माहितीपत्रकात त्याला सरळ ‘पम्पकिन’ लिहिले होते. अमेरिकेतल्या एका शिकाऊ वादकाने फार सौजन्याने विचारले की तो किती दिवसांत सडतो. त्याच्या डोळ्यांपुढे त्यांच्या सणातला नारिंगी, गरदार भोपळा होता. तेव्हापासून ‘ड्राइड गोर्ड’ लिहितो आणि वाळवलेल्या भोपळ्याचा फोटो जोडतो.

दुसरी गोष्ट वेळेची. जर्मन गिऱ्हाइकांशी बोलून बोलून मला कळले होते की त्यांच्या भाषेत ‘हाफ सेव्हन’सारखे काही म्हटले की साडेसहा होतात, कारण ते सातातला अर्धा कमी धरतात. हे ज्ञान मी अभिमानाने बाळगले. पुढे एका आयरिश बाईंनी ‘हाफ सेव्हन’ला व्हिडिओवर सतार ऐकवायला सांगितले. मी त्यांच्या साडेसहाच्या हिशेबाने, म्हणजे आपल्या रात्री बारा वाजता, सतार जुळवून बसलो. त्या आल्या साडेसातला, कारण ब्रिटिश आणि आयरिश बोलीत ‘हाफ सेव्हन’ म्हणजे ‘हाफ पास्ट सेव्हन’. रात्री एक वाजता तारा उतरल्या होत्या, पुन्हा जुळवाव्या लागल्या.

कराडचा_कोडर

आता हे सगळे प्रश्न सॉफ्टवेअर सोडवते. मेल त्यात टाकायचा, तो सरळ करून देतो. एवढी चर्चा कशाला?

कुपवाडचा_लेथवाला

सरळ करून देतो, खरे आहे. पण ‘२,४५०’ जर्मनाने लिहिले की अमेरिकनाने, हे त्याला कोण सांगणार? ते आपल्यालाच माहीत असावे लागते. आमच्या पोराने मेल गुळगुळीत करून पाठवला आणि त्यात ‘वुई विल ट्राय अवर बेस्ट’ असे वाक्य स्वतःहून आले. आमच्या मनात होते की या तारखेला जमणार नाही.

वाईची_शिक्षिका

लेथवाला यांनी नकळत मूळ मुद्द्यावर बोट ठेवले. आपण सांगलीत काय किंवा वाईत काय, तोंडावर नाही म्हणत नाही. ‘बघू’, ‘होऊन जाईल की’, ‘करून टाकू’ यांतले कोणते होकारार्थी आणि कोणते नकारार्थी हे आपल्याला सुरावरून कळते. तीच सवय आपण ‘वुई विल ट्राय’मध्ये नेतो. ब्रिटिश माणूसही तोंडावर नाही म्हणत नाही, पण त्याची टाळण्याची रीत निराळी. दोघेही सभ्य, दोघेही आडवळणी, आणि दोघांची वळणे वेगळी. मग बेदाण्यासारखा प्रकार होतो.

कराडच्या मित्रांसाठी एक उदाहरण देते. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जम्बो विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसे गेली. त्यापूर्वी डच विमानातून ‘वुई आर नाउ ॲट टेकऑफ’ असे कळवले गेले होते. विमान धावायला लागले होते, आणि नियंत्रकाने समजून घेतले की ते उड्डाणाच्या जागी उभे आहे. एक डच, एक स्पॅनिश, दोघेही इंग्रजीत बोलत होते. दुर्घटनेला धुके आणि इतर कारणेही होती, परंतु त्यानंतर ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचे, असे ठरले. विमानांच्या दुरुस्ती-पुस्तिकांसाठीही एक नियंत्रित इंग्रजी तयार केले गेले, ज्यात एका शब्दाला शक्यतो एकच अर्थ असतो. ‘फॉलो’ म्हणजे मागून येणे एवढेच. सूचना पाळणे यासाठी ‘ओबे’ वापरायचे.

बेदाणापेठ

सर्वांचे आभार. दोन दिवस बसून मी आमचा ऑफरचा नमुना बदलला. मालाच्या नावाच्या ओळीत आता ‘सीडलेस ड्राइड ग्रेप्स, ग्रीन’ असे लिहिले आहे, खाली कंसात ब्रिटनसाठी सुलताना, अमेरिकेसाठी रेझिन, आणि शेजारी दिवसाच्या उजेडात पांढऱ्या ताटलीत काढलेला फोटो. वजन किलोत, महिना अक्षरांत, एफओबी पूर्ण. ‘ॲज सून ॲज पॉसिबल’ खोडून तारीख घातली. नमुन्यासोबत एक छोटा तक्ता जोडतो, त्यात रंग, आकार, ओलावा यांसमोर फक्त दोन चौकोन आहेत, ‘ॲक्सेप्टेड’ आणि ‘नॉट ॲक्सेप्टेड’. चांगला, बरा, छान यांना जागाच ठेवलेली नाही. मालकांना तो तक्ता सरकारी फॉर्मसारखा रुक्ष वाटला, पण त्यांनी अडवले नाही.

गेल्या सोमवारी तो त्याच इंग्लंडच्या गिऱ्हाइकाला पाठवला. काल उत्तर आले. तक्ता भरलेला नाही. एकच ओळ आहे, ‘नोटेड, विथ थँक्स.’

परकीय_चलन_सातारा

‘नोटेड’ म्हणजे वाचले. मान्य केले असे नव्हे. कंटेनर भरू नका, तक्ता पुन्हा पाठवा आणि चौकोनांवर खूण करून मागा.

बेदाणापेठ

पाठवला.